सगळं देतो, तरी मुलगी खूश का नसते?

“आम्ही तिला काय कमी केलंय? दर रविवारी प्ले-झोन, महिन्याला नवं खेळणं. तरी घरी पाऊल टाकलं की भोकाड.” साडेतीन वर्षांच्या मुलीचे आई-बाबा ही तक्रार घेऊन आले. दोघंही नोकरदार, घरी आजी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पहिल्या भेटीत सल्ला दिला नाही, वही दिली. सात दिवस दोनच गोष्टी लिहायच्या: मुलगी आपणहून कशात, किती मिनिटं रमली आणि ते कशानं थांबलं. दुसरा रकाना पालक हमखास रिकामा ठेवतात, म्हणून तो आधी भरायला सांगितला.

आठवड्यानं वही आली. “सिंकपाशी स्टुलावर उभी. वाटीतलं पाणी चहाच्या गाळणीतून ओतत होती. 12 मिनिटं. थांबलं: मी म्हटलं, इकडे बघ, फोटो काढते.” “आजीबरोबर मटार सोलले, 20 मिनिटं. थांबलं: बाबांनी दाणे मोजायला लावले.” “जिन्यात मुंग्यांची रांग. थांबलं: चल, उशीर होतोय.” प्ले-झोनची नोंद वेगळीच होती: “दीड तास पळापळ, शेवटी फरशीवर लोळण.”

वही वाचताना आईच म्हणाली, “म्हणजे ती खूश असते. आम्हीच मध्ये तडमडतो.”

रविवारच्या रडारडीचं कारण मात्र साधं निघालं. रात्री साडेअकराला झोप, सातला जाग आणि प्ले-झोनपायी दुपारची झोप बुडालेली. 3 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसभरात 10 ते 13 तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हिला मिळत होती साडेसात. झोपायची वेळ दर तीन दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे आणायला सांगितली. एकदम साडेनऊला आडवं केलं तर मूल टक्क जागं राहतं आणि रोज रात्री भांडण होतं. बाहेर जायचंच तर सकाळी, जेवणाच्या आत परत.

मग खेळणी. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळणी देऊन पाहिलं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चारच खेळणी असताना मुलं एकेकाशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. ही मुलगी थोडी मोठी, पण करून बघायला खर्च काहीच नव्हता. पाच खेळणी बाहेर, बाकीची माळ्यावर, पंधरा दिवसांनी अदलाबदल. टाकून द्यायची नाहीत; आजी दुखावते आणि सगळा बेत बारगळतो.

खरा कस लागला तो रोजच्या पाच मिनिटांत. मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी 1970 च्या दशकात विकसित केलेल्या पालक-बालक उपचारपद्धतीतला हा गृहपाठ. फोन दुसऱ्या खोलीत, आपण जमिनीवर बसायचं, खेळ मूल ठरवणार. प्रश्न नाही, हुकूम नाही, चूक काढणं नाही. दिसतंय तेवढंच बोलायचं: “तू निळा ठोकळा वर ठेवलास.” मूल बोललं तर तेच वाक्य पुन्हा म्हणायचं.

ऐकायला सोपं आहे. बाबांनी पहिल्या दिवशी पाच मिनिटांत 23 प्रश्न विचारले. आजीनं दाराआडून मोजले. “हा कोणता रंग?” हा आपल्याला खेळ वाटतो, मुलाला ती तोंडी परीक्षा. आईची अडचण निराळी: तिसऱ्या मिनिटाला कंटाळा आणि हात फोनकडे. त्यावर उपाय एकच, मुलाच्या हातांकडे बघत राहायचं, चेहऱ्याकडे नाही. चेहऱ्याकडे बघितलं की “खूश आहे ना?” ही तपासणी सुरू होते.

लहान मुलं निरागस म्हणून सदा आनंदी, हे व्हॉट्सअ‍ॅपवर ठीक आहे. प्रत्यक्षात ती दिवसातून दहादा रडतात. फक्त रडून झालं की पुन्हा गाळणीकडे वळतात. मोठी माणसं सकाळचं भांडण रात्रीच्या ताटापर्यंत वागवतात. म्हणून या दोघांनाही एक काम दिलं: दिवसाआड 15 मिनिटं, ज्यातून काही मिळवायचं नाही आणि जे स्टेटसला लावायचं नाही, असं काहीतरी. बाबांनी गवसणीत पडून असलेला तबला काढला. आईला आठवेचना की तिला काय आवडायचं. तिसऱ्या भेटीत म्हणाली, “रांगोळी. पण रोज कशाला?” हा “कशाला” मुलीला अजून पडत नाही, एवढंच तिला दाखवलं.

मूल दोन आठवडे कशातच रमत नसेल, येत असलेले शब्द बोलेनासं झालं असेल किंवा खाणं-झोप अचानक बिघडली असेल, तर वही बाजूला ठेवून थेट बालरोगतज्ज्ञांकडे जावं.

सहाव्या आठवड्यात प्ले-झोन महिन्यातून एकदावर आला. बाबांचे प्रश्न 23 वरून नऊवर. पाण्याच्या खेळावर आजीची हरकत कायम होती, “सर्दी होईल.” त्यावर तोडगा निघाला: दुपारी बाराला, पातेल्यात अर्धा लिटर कोमट पाणी, खाली जुना पंचा आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर, कारण थोड्या पाण्याशीही लहान मुलाला एकटं सोडत नाहीत. ते मोठं माणूस आता बहुधा आजीच असते. गाळणी तिनं दुसरी आणली, चहाची परत मागून घेतली.