पीएचडीला अ‍ॅनोड कॅटॅलिस्टचा विषय मिळतोय, घेऊ का?

तुझं पत्र वाचलं. एमएस्सी फिजिकल केमिस्ट्रीतून झालंय, गाइड म्हणतायत पाण्याच्या इलेक्ट्रोलिसिसने हायड्रोजन काढतात त्या सेलच्या सपोर्टेड अ‍ॅनोड कॅटॅलिस्टवर (म्हणजे ऑक्सिजन सुटतो त्या इलेक्ट्रोडवरचा, दुसऱ्या पदार्थाच्या आधारावर पसरलेला, रिअ‍ॅक्शनला वेग देणारा पदार्थ) पीएचडी कर, आणि तुला धास्ती अशी की विषय फारच बारीक आहे, उद्या हायड्रोजनची हवा ओसरली तर सगळी वर्षं पाण्यात. घरचे म्हणतायत त्यापेक्षा डेटा सायन्स कर.

अगं, पीईएम इलेक्ट्रोलायझरमध्ये, म्हणजे मधे प्रोटॉन जाऊ देणारी पातळ मेम्ब्रेन असते त्या सेलमध्ये, घोडं पेंड खातं ते अ‍ॅनोडवरच. तिथे अ‍ॅसिड, वर दीड व्होल्टच्या पुढचं पोटेन्शियल, त्यात ऑक्सिजन सुटतोय, आणि या सगळ्यात काम करून टिकतं ते इरिडियम, जे जगभरात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतं, तेही प्लॅटिनमच्या मागोमाग. रुथेनियम जास्त चपळ आहे पण विरघळून जातं. म्हणून इरिडियमचे बारीक कण सपोर्टवर पसरायचे, कमी मालात काम भागवायचं. आता सपोर्ट कुठला? फ्युएल सेलवाला कार्बन इथे चालत नाही, तो स्वतःच ऑक्सिडाइज होऊन सीओटू होतो. टायटॅनियम ऑक्साइड टिकतो पण करंट नीट नेत नाही, अँटिमनी घातलेला टिन ऑक्साइड करंट नेतो पण त्यातला अँटिमनी हळूहळू निसटतो. म्हणजे काम भरपूर शिल्लक आहे.

मला काळजी विषयाची नाही, लॅबची आहे. बऱ्याच ठिकाणी बीकरमध्ये रोटेटिंग डिस्कवर दर चौरस सेंटिमीटरला 10 मिलीअँपिअर करंट घेतात, ओव्हरपोटेन्शियल, म्हणजे किमान लागतं त्याच्या वर किती व्होल्टेज द्यावं लागलं, ते मोजतात आणि पेपर छापतात, झालं! खरा इलेक्ट्रोलायझर तेवढ्याच जागेत 1 ते 2 अँपिअरवर चालतो, म्हणजे शंभर-दोनशे पट. शिवाय बीकरमध्ये बुडबुडे इलेक्ट्रोडला चिकटून बसतात आणि धडधाकट कॅटॅलिस्टसुद्धा मेल्यासारखा दिसतो. म्हणून गाइडना सरळ विचार, मेम्ब्रेनवर कोटिंग करून पूर्ण सेल चालवायची सोय आहे का, आणि विरघळलेलं इरिडियम आयसीपी-एमएसवर (द्रावणातला अगदी थोडा धातूही मोजणारं यंत्र) कोण मोजून देतं. दोन्हीचं उत्तर गोलमाल आलं तर दुसरी लॅब बघ, विषय कितीही भारी असो.

हायड्रोजनची हवा ओसरली तर? इम्पीडन्स (एसी सिग्नल देऊन सेलमधला अडथळा मोजणं), एक्सपीएस (एक्स-रेने पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणं), कॅटॅलिस्टची इंक बनवून कोटिंग करणं, पार्ट कशामुळे मरतोय ते शोधणं, हे सगळं बॅटरीत, फ्युएल सेलमध्ये, कोटिंगमध्ये लागतंच. क्लोरीन बनवणाऱ्या प्लांटमध्ये टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा थर दिलेले अ‍ॅनोड 1960च्या दशकापासून आहेत, त्यांना कुठल्या हवेची गरज पडली नाही. आणि डेटा सायन्सचं म्हणशील तर इम्पीडन्सचा डेटा फिट करता करता पायथन येईलच, घरच्यांना तसं सांग, थोडे शांत होतील.

हो म्हणायच्या आधी त्याच लॅबचे अलीकडचे दोन थिसिस मागून घे आणि ड्युरेबिलिटीचं चॅप्टर आधी उघड. टेस्ट किती तास चालवली आणि कुठल्या करंटवर, एवढं मला लिहून पाठव, मग पुढचं बोलू.