पिना जुळल्या म्हणजे व्हॉल्व्ह जुळला असं नाही
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं : हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर

प्रश्न : माझ्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एकच ईसीसी८२ व्हॉल्व्ह (एका काचेत दोन भाग) आहे, अर्धा डाव्या चॅनेलला आणि अर्धा उजव्या. पुढे कपलिंग कपॅसिटर आणि मॉसफेट (हेडफोन चालवणारा ट्रान्झिस्टर). एचटी (व्हॉल्व्हच्या प्लेटसाठीचा उच्च डीसी पुरवठा) १५० व्होल्ट, प्लेटला २२ किलोओहम, कॅथोडला १ किलोओहम. जुन्या सामानातून ईसीसी८८ चे काही नग मिळालेत. सॉकेटमध्ये बसतात. थेट लावले तर चालतील का? दोन्ही प्रकार आलटून पालटून वापरता आले तर उत्तमच. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : थेट लावू नका. प्लेट, ग्रिड आणि कॅथोड (इलेक्ट्रॉन जिथे पोचतात, जिथे आवरले जातात आणि जिथून निघतात ती टोकं) दोन्हींत त्याच पिनांवर येतात : १, २, ३ आणि ६, ७, ८. फरक हीटरमध्ये, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारेत आहे. ईसीसी८२ च्या हीटरला मधला टॅप आहे आणि तो ९ नंबरच्या पिनवर निघतो. ४ आणि ५ एकत्र जोडून ९ कडे ६.३ व्होल्ट दिले तर तो ३०० मिलिअँपिअर घेतो. फक्त ४ आणि ५ मध्ये १२.६ व्होल्ट दिले तर १५०. ईसीसी८८ चा हीटर मात्र ४ आणि ५ मध्येच असतो, ६.३ व्होल्ट, ३६५ मिलिअँपिअर. त्याची ९ नंबरची पिन म्हणजे आतली शिल्ड, ती ग्राउंडला जाते.

म्हणून आधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून व्हॉल्व्ह काढा आणि सॉकेटच्या ४ व ५ एकमेकींना थेट जोडल्यात का, हे डोळ्यांनी बघा; मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर विसंबू नका, ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंगही ती दाखवते. जोडलेल्या असतील तर तुमच्याकडे ६.३ व्होल्टची मांडणी आहे आणि ईसीसी८८ नुसता पेटणार नाही. जोडलेल्या नसतील तर बहुधा तिथे १२ व्होल्ट आहेत, आणि ईसीसी८८ चा हीटर जळेल. बारा व्होल्ट डीसी असेल तर एलएम३१७ (व्होल्टेज स्थिर ठेवणारी आयसी) लावून ते ६.२ वर आणा : आउटपुट ते अ‍ॅडजस्ट १२० ओहम, अ‍ॅडजस्ट ते ग्राउंड ४७० ओहम. त्यात दोन वॉटच्या वर उष्णता निघते, तेव्हा हीटसिंक हवंच.

आता अदलाबदलीचा स्वीच. दोन पोल, दोन थ्रोचा एकच टॉगल पुरतो. हीटरच्या ६.३ (किंवा ६.२) व्होल्टच्या दोन तारांना अ आणि ब म्हणू. ४ नंबर कायम अ ला. पहिल्या पोलवर ५ नंबर : ईसीसी८२ साठी अ ला, ईसीसी८८ साठी ब ला. दुसऱ्या पोलवर ९ नंबर : ईसीसी८२ साठी ब ला, ईसीसी८८ साठी ग्राउंडला. स्वीच चुकीच्या बाजूला राहिला तर काय होईल, हे आधीच माहीत असलेलं बरं. ईसीसी८८ असेल तर हीटर थंड, आवाज नाही, नुकसानही नाही. ईसीसी८२ असेल आणि हीटरची ब तार ग्राउंड केलेली असेल, तर अर्ध्या हीटरला पूर्ण ६.३ मिळतात आणि उरलेला अर्धा शॉर्ट होतो. म्हणजे एक चॅनेल नीट वाजतं, दुसरं मुकं. असं दिसलं की व्हॉल्व्हला दोष देण्याआधी स्वीच बघा.

हीटर पेटला म्हणजे काम झालं असं नाही, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. तुमच्या रेझिस्टरांवर ईसीसी८२ साधारण २.७ मिलिअँपिअर घेतो आणि प्लेट ९० व्होल्टच्या आसपास बसते. त्याच जागी ईसीसी८८ घातला तर करंट २.४ वर येतो. तो वाजेल, पण हा व्हॉल्व्ह पाच-सहा मिलिअँपिअरच्या पुढे खुलतो. इतक्या कमी करंटवर त्याची ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिडच्या व्होल्टेजने करंट किती बदलतो ते) घसरते, विकृती वाढते, आणि मग लोक म्हणतात की ईसीसी८८ कोरडा वाजतो. त्याला प्लेटला १० किलोओहम आणि कॅथोडला ३३० ओहमच्या जवळपास हवं. जुने रेझिस्टर उपटायची गरज नाही. २२ किलोला १८ किलो (२ वॉट, मेटल ऑक्साइड) समांतर जोडलं की ९.९ किलो होतात. १ किलोला ४७० ओहम समांतर जोडलं की ३२०. दोन्ही चॅनेलचे हे जादा रेझिस्टर आणखी दोन टॉगलवर घ्या. प्लेटच्या बाजूचा टॉगल २५० व्होल्टच्या रेटिंगचा हवा, आणि अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना तो हलवायचा नाही.

कॅथोडच्या रेझिस्टरला समांतर बायपास कपॅसिटर असेल तर काढूनच टाका, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो ठेवला तर ईसीसी८८ वर गेन (सिग्नल किती पटीने वाढतो ते) वीसच्या पुढे जातो, व्हॉल्यूम थोडा फिरवताच कान बधिर होतात आणि खरखर ऐकू येते. काढल्यावर ईसीसी८२ चा गेन साताच्या आणि ईसीसी८८ चा तेराच्या आसपास राहतो. हेडफोनला तो भरपूर आहे.

ईसीसी८८ ला स्वतःहून रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला ऑसिलेट होण्याची खोड आहे. २ आणि ७ नंबरच्या पिनवर ४७० ओहमचा ग्रिड स्टॉपर (ग्रिडच्या मालिकेतला रेझिस्टर) अगदी पिनला टेकवून सोल्डर करा. दोन इंच लांब लावला तर उपयोग नाही. हात जवळ नेताच प्लेटचं व्होल्टेज हलत असेल तर ऑसिलेशन आहे असं समजा.

शेवटी मोजमाप. ईसीसी८८ वर कॅथोडला १.९ व्होल्टच्या आसपास, प्लेटला ८५ ते १००. त्याची चालू स्थितीतली प्लेटची मर्यादा १३० व्होल्ट आहे, ती ओलांडू नका. एचटीचा भार दुपटीहून वाढतो, सहा मिलिअँपिअरने. फिल्टरचा रेझिस्टर २.२ किलो असेल तर १३-१४ व्होल्ट त्यातच पडतील, तेव्हा एचटी पुन्हा मोजा. काम सुरू करण्याआधी फिल्टर कपॅसिटर १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून रिकामा करा आणि मीटरवर पाच व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. प्लग काढला म्हणजे तो रिकामा झाला असं नसतं.

प्रश्न : माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ६एसएन७ व्हॉल्व्ह आहे. अ‍ॅडॉप्टर करून ईसीसी८२ लावायचा आहे. — एक वाचक, मालवण

उत्तर : ही जोडी खरंच जवळची आहे. दोघांचा म्यू (व्होल्टेज वाढवण्याची क्षमता) वीसच्या आसपास, त्यामुळे रेझिस्टर बदलावे लागत नाहीत. ऑक्टल (आठ पिनी) बेसपासून नऊ पिनी सॉकेटकडे तारा अशा : १ ते ७, २ ते ६, ३ ते ८, ४ ते २, ५ ते १, ६ ते ३, ७ ते ४ व ५ दोन्ही, ८ ते ९. हीटरच्या तारा एकमेकींना पिळून घ्या आणि ग्रिडच्या तारांपासून लांब ठेवा. अ‍ॅडॉप्टरमधली घरघर जवळजवळ नेहमी इथूनच येते.

दोन गोष्टी मोजा. ईसीसी८२ एका प्लेटवर २.७५ वॉटच सोसतो, ६एसएन७जीटीबी मात्र ५. प्लेट ते कॅथोड व्होल्टेज गुणिले करंट करून बघा. दोन वॉटच्या खाली असेल तर निर्धास्त लावा. दुसरं, ६एसएन७ चा हीटर ६०० मिलिअँपिअर घेतो, ईसीसी८२ निम्माच. भार कमी झाल्याने हीटरचं व्होल्टेज चढतं. ते ६.९ च्या वर गेलं तर मालिकेत छोटा रेझिस्टर घाला. ७ व्होल्ट दिसत असतील तर २.२ ओहम, १ वॉट पुरे.

उलट दिशेने, म्हणजे ईसीसी८२ च्या जागी ६एसएन७ लावायचा असेल तर ट्रान्सफॉर्मरची हीटर वाइंडिंग ६०० मिलिअँपिअर देते का, हे आधी बघावं लागतं. लहान अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बहुधा देत नाही.

प्रश्न : घर किनाऱ्यालगत आहे. पावसाळ्यात एका चॅनेलमध्ये फुटल्यासारखा आवाज येतो, व्हॉल्व्ह बदलला तरी तेच. — एक वाचक, गुहागर

उत्तर : व्हॉल्व्हपेक्षा सॉकेटचा संशय घ्या. १ नंबरची प्लेट आणि २ नंबरची ग्रिड शेजारी-शेजारी असतात. खाऱ्या हवेतला मीठाचा थर ओलावा धरतो आणि त्या दोघींमध्ये गळती सुरू होते. ५० मेगओहमची गळतीही पुरते : प्लेटला ९० व्होल्ट आणि ग्रिड लीक (ग्रिड ते ग्राउंड रेझिस्टर) ४७० किलो असेल तर ग्रिडवर ०.८ व्होल्ट चढतात आणि बायस, म्हणजे ग्रिड आणि कॅथोडमधलं ठरलेलं व्होल्टेज, पार सरकतो. व्हॉल्व्ह काढून ग्रिडवरचं डीसी मोजा, एचटी चालू असताना, एक हात खिशात ठेवून. व्हॉल्व्ह नसतानाही ०.१ च्या वर येत असेल तर दोष सॉकेटचा किंवा बोर्डाचा.

मीठ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, म्हणून नुसत्या अल्कोहोलने पुसून भागत नाही. आधी डिस्टिल्ड वॉटरने, म्हणजे बॅटरीच्या दुकानात मिळतं त्या पाण्याने, ओल्या ब्रशने पुसा, मग अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या. तपकिरी फिनोलिक सॉकेट असेल तर ते काढून सिरॅमिकचं लावा. आगोटीच्या कामांतच हे उरका. पिनांवर सोन्याचा मुलामा असेल तर पॉलिश पेपर लावू नका, तो मुलामा निघून जातो.

प्रश्न : वीज गेली की इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प्लिफायर गुरगुरतो आणि आवाजही बारीक होतो. असं का? — एक वाचक, दापोली

उत्तर : तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. एचटीचा रेक्टिफायर लाटेच्या शिखरापर्यंत चार्ज होतो. २३० व्होल्टच्या साइन वेव्हचं शिखर ३२५ असतं, स्क्वेअर वेव्हचं २३० च. त्यामुळे हीटर पूर्ण तापतो, पण १५० व्होल्टची एचटी ११० च्या खाली जाते. गुरगुर त्या लाटेच्या तीक्ष्ण कडांची आहे, फिल्टर वाढवून ती पूर्ण जात नाही. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्या, नाहीतर लाइट येईपर्यंत अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवा. विजा कडाडत असतील तेव्हा प्लग भिंतीतूनच काढा, स्वीच बंद करणं पुरेसं नाही.