विचारा की! प्वारोनं असं का केलं?

मागच्या अंकात डिटेक्टिव्ह मालिकांवर लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की 'प्वारो'चा, म्हणजे अगाथा ख्रिस्तीबाईंच्या बेल्जियन डिटेक्टिव्हवरच्या, डेव्हिड सुशेनं रंगवलेल्या मालिकेचा, शेवटचा भाग मी आत्तापर्यंत तीनदा बघितलाय आणि तिन्ही वेळा नंतर झोप लागली नाही. झालं! पत्रं काय, मेल काय, व्हॉट्सअ‍ॅप काय, एरवी या सदराला जेवढे प्रश्न दोन महिन्यांत येतात तेवढे आठवड्यात आले. म्हणून हा अख्खा भाग त्यालाच दिलाय. आधीच सांगते, खाली सगळं फोडलेलं आहे, कोण मेलं, कोणी मारलं, कसं मारलं. ज्यांना अजून बघायचंय त्यांनी गुपचूप पान उलटावं, पुढच्या पानावर रेसिपी आहे.

प्रश्न : शेवटच्या भागात प्वारो स्वतःच खून करतो हे मला अजून पचलेलं नाही. जन्मभर खुन्यांना पकडणारा माणूस जाता जाता खुनी करून ठेवायचा, ही प्रेक्षकांची फसवणूक नाही का? (कोल्हापूरहून एक निवृत्त मुख्याध्यापक)

सर, तुमचा राग अगदी कळतो, पहिल्यांदा बघितला तेव्हा मीही अशीच चिडले होते. पण आधी समोर कोण आहे ते बघा. 'कर्टन' या शेवटच्या भागातला नॉर्टन हा गडी स्वतः कोणालाही हात लावत नाही. गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघत फिरणारा, हळू आवाजात बोलणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात वाटणारा माणूस. आपल्याकडे याला एक फार चपखल शब्द आहे, कळलाव्या. फक्त आपला कळलाव्या सासू-सुनेत भांडण लावून घरी जातो आणि हा खून होईपर्यंत थांबतो. समोरच्याच्या मनात आधीच कुठेतरी सल असतो तो बरोबर हेरायचा, त्यावर एक शब्द टाकायचा, तोही सहानुभूतीचा, आणि बाजूला व्हायचं. आधीच्या पाच प्रकरणांत माणसं मेलेली आहेत, प्रत्येक ठिकाणी गुन्हेगार म्हणून दुसऱ्याच कोणाकडे बोट आहे आणि हा साहेब नामानिराळा. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोमधला, गोड बोलून कान भरणारा इयागो आठवा. गोविंद बल्लाळ देवलांनी ते नाटक 'झुंझारराव' म्हणून मराठीत आणलं होतं, त्यामुळे ही जात आपल्याला नवीन नाही. आणि ख्रिस्तीबाईंनी ऑथेल्लोचा उल्लेख पुस्तकात मुद्दाम पेरलाय, प्वारो ते नाटक त्याच्या जुन्या मित्रासाठी, हेस्टिंग्जसाठी, क्लू म्हणून मागे ठेवून जातो.

आता सांगा, याच्यावर कुठलं कलम लावणार? पुरावा काय देणार, की हा फार गोड बोलला? हे सगळे उतरलेत त्या घरातला म्हातारा कर्नल चारचौघांत बायकोकडून अपमान झाल्यावर बंदूक उचलतो, ससा समजून मारली म्हणतो आणि गोळी बायकोला लागते (वाचते बिचारी, आणि त्यानंतर दोघांचं छान जमतं, हा त्या अंधाऱ्या भागातला एकमेव उजेड). बिचारा हेस्टिंग्ज, आयुष्यात मुंगी न मारलेला, मुलगी एका छचोर माणसाच्या नादी लागलीय असं डोक्यात भरवल्यामुळे त्या माणसाला विष द्यायला निघतो. प्वारो त्याला झोपेचं औषध घातलेलं गरम चॉकलेट पाजतो म्हणून वाचतो, सकाळी जागा होतो तेव्हा आपण काय करणार होतो याचीच त्याला शिसारी येते. प्वारोनं हे सगळं बघितल्यावर निर्णय घेतलाय, सर. आणि त्यात त्यानं स्वतःला सूट दिलेली नाही. नॉर्टनला मारल्यावर हृदयाच्या औषधाच्या कुप्या तो स्वतःच्या हाताला येणार नाहीत अशा ठेवतो. दुसऱ्याला शिक्षा दिली तशीच स्वतःलाही दिली. वर हेस्टिंग्जला लिहिलेल्या पत्रात तो काही 'मी बरोबर केलं' असं छाती ठोकून सांगत नाही, बरोबर की चूक ते मला माहीत नाही असंच म्हणतो.

आणि फसवणूक म्हणाल तर मालिकेनं याची तयारी आधीच सुरू केली होती. २०१० च्या ख्रिसमसला आलेली 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' बघा, पुस्तकात प्वारो शेवटी तसा हलक्या मनाने विषय सोडून देतो, पण सुशेचा प्वारो तिथे खून करणाऱ्यांवर भडकतो, कायदा हातात घेतलाच कसा म्हणून ओरडतो आणि शेवटी बर्फातून चालताना हातात जपमाळ घट्ट धरलेली. तीच जपमाळ 'कर्टन'मध्ये परत दिसते. ज्यानं इतरांना कायदा हातात घेतला म्हणून झापलं त्याच्यावरच ती वेळ आली, म्हणून तर मला झोप लागली नाही!

एक बारीकसं दाखवते. नॉर्टनच्या कपाळावरची गोळी अगदी मधोमध आहे. खोली आतून बंद, पिस्तूल त्याच्याच हातात, सगळ्यांना आत्महत्या वाटते, पण स्वतःला गोळी घालणारा माणूस इतकं मोजूनमापून कपाळाच्या मध्यावर कशाला नेम धरेल? नाश्त्याची दोन अंडी सारख्या आकाराची नसली तर ज्याला घास जात नाही, त्याच माणसाचं हे काम. पत्रात तो त्या खुणेला केनच्या कपाळावरच्या डागासारखी म्हणतो, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या खुन्याच्या. एवढी सही करून गेला आणि हेस्टिंग्जला चार महिन्यांनी पत्र आल्यावर कळलं.

प्रश्न : कॉफीच्या कपांचं नक्की काय झालं? बार्बराला कोणी मारलं तेच समजलं नाही. घरात तिघांनी तीन उत्तरं दिली. (ठाण्याहून एक वाचक)

तिघंही चुकले असणार, कारण उत्तर आहे हेस्टिंग्ज! हा भाग मालिकेत फार घाईत उरकलाय, माझी ही एकच मोठी तक्रार आहे, पुस्तकात जास्त नीट कळतं. बार्बराला नवऱ्याला, म्हणजे डॉ. फ्रँकलिनला संपवायचं होतं, म्हणजे तिला तो श्रीमंत बॉइड कॅरिंग्टन मिळाला असता. नवरा कॅलाबार बीन नावाच्या विषारी बीवर संशोधन करतोय, त्यामुळे विष घरातच. कॉफी तिनंच केली, विषाचा कप नवऱ्याच्या बाजूला ठेवला, स्वतःचा आपल्या बाजूला. हे कप कशावर ठेवलेत? पुस्तकांच्या छोट्या गोल फिरत्या कपाटावर, वर कप, खाली पुस्तकं. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं की तारा तुटला आणि सगळे बघायला बाल्कनीत. हेस्टिंग्ज एकटाच आत, शब्दकोडं सोडवत. त्याला मेलेल्या बायकोची आठवण आली, डोळे भरून आले, आणि कोणाला दिसू नये म्हणून शेक्सपिअर शोधायच्या निमित्तानं त्यानं कपाट फिरवलं. (तिथेही ऑथेल्लोच बरं का.) कपाट फिरलं, वरचे कप फिरले. सगळे परत आले, बार्बरानं समोरचा कप उचलला आणि सकाळी गेली.

म्हणजे रडू लपवताना केलेल्या एका साध्या हालचालीनं हेस्टिंग्जच्या हातून खून झाला आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. प्वारो चौकशीत सरळ खोटं बोलतो, बार्बराला बाटली घेऊन लॅबमधून बाहेर येताना मी बघितलं म्हणतो, म्हणजे आत्महत्या ठरून विषय मिटतो. बाकी कोणाचा शब्द कोर्टानं इतक्या सहज मानला नसता.

प्रश्न : प्वारोला लोक कंटाळले म्हणून अगाथा ख्रिस्तींनी म्हातारपणी त्याला मारलं असं ऐकलंय, खरं का? (औरंगाबाद)

उलट आहे. कंटाळल्या होत्या त्या स्वतः, वाचक नाही, आणि 'कर्टन' म्हातारपणी लिहिलेलं नाहीच. दुसऱ्या महायुद्धात, लंडनवर बॉम्ब पडत होते त्या काळात लिहून ठेवलं आणि तिजोरीत बंद केलं, आपलं काही बरंवाईट झालं तर प्वारोचा शेवट तरी तयार असावा म्हणून. त्याचे हक्क मुलीच्या नावावर केले होते, त्यांच्या दुसऱ्या डिटेक्टिव्हचं, मिस मार्पलचं, असंच एक पुस्तक नवऱ्याच्या नावावर. बँकेत एफडी ठेवावी तसा प्रकार! तीसेक वर्षांनी, १९७५ मध्ये ते छापलं आणि जानेवारी १९७६ मध्ये बाई गेल्या. त्याआधी ६ ऑगस्ट १९७५ ला न्यूयॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर प्वारोच्या निधनाची बातमी दिली होती, खऱ्या माणसाची देतात तशी. आणि जागा कुठली निवडली, तर स्टाइल्स, जिथे त्याची पहिली केस झाली तेच घर. फक्त आता तिथे पैसे घेऊन पाहुणे ठेवतात आणि जेवण बेचव आहे.

प्रश्न : सुशे इतका खंगलेला दिसतो, तो खरंच आजारी होता का? (पुण्याहून एक मेडिकलची विद्यार्थिनी)

नाही गं. एरवी त्याच्या कपड्यांच्या आत पॅडिंग असायचं, गोल गरगरीत पोट ते तिथून आलेलं. या भागासाठी त्यानं पॅडिंग काढलं आणि शिवाय वजनही उतरवलं. मे १९४६ चा जन्म, म्हणजे पहिला भाग जानेवारी १९८९ मध्ये आला तेव्हा बेचाळीस आणि १३ नोव्हेंबर २०१३ ला हा शेवटचा दाखवला तेव्हा सदुसष्ट, मधे सत्तर भाग. सुरुवातीलाच त्यानं पुस्तकं वाचून प्वारोच्या सवयींची ९३ कलमी यादी केली होती, चहात साखर किती, कॉफीत किती इथपर्यंत, आणि पहिलं कलम काय, तर हा बेल्जियन आहे, फ्रेंच नाही! ती टुणुकटुणुक छोट्या पावलांची चाल जमवायला ढुंगणात नाणं धरून चालायचा म्हणे, हे त्यानंच सांगितलंय, मी काही शहाणपणा करत नाहीये. मग अशा माणसानं ती चाल सोडून व्हीलचेअरवर बसायचं आणि फक्त डोळ्यांनी आणि आवाजानं काम करायचं. त्यातही गंमत म्हणजे गोष्टीतला प्वारो चालू शकत असतो, व्हीलचेअर हे त्याचं नाटक आहे. जुना नोकर जॉर्ज त्यानं लांब का पाठवला असेल याचा विचार कर, कळेल तुला.

प्रश्न : मिस लेमन आणि जॅप शेवटी का नाहीत? (एक वाचक)

प्वारोची सेक्रेटरी मिस लेमन आणि पोलीस इन्स्पेक्टर जॅप, दोघंही मूळ गोष्टीतच नाहीत. त्यांना त्याआधीच्या 'द बिग फोर' या भागात बोलावून घेतलंय, तोच त्यांचा निरोप समजा.

प्रश्न : माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, प्वारोचे सगळे भाग बघून झालेत, फक्त शेवटचा बघायला तयार नाहीत. मला त्याला मेलेलं बघायचं नाही म्हणतात. आम्ही आग्रह करावा का? (नाशिकहून एक वाचक ताई)

अजिबात करू नका, त्यांचं बरोबर आहे! आणि त्यांना सांगा की खुद्द सुशेलाही तसंच वाटत होतं. मरणाचा सीन करून सेटवरून घरी जायचं नाही असं त्याचं म्हणणं होतं, म्हणून 'कर्टन' आधी, २०१२ च्या शेवटी शूट करून घेतला आणि सगळ्यात शेवटी, २०१३ च्या जूनमध्ये 'डेड मॅन्स फॉली' या दुसऱ्या भागाचं शूटिंग ठेवलं. तेही डेव्हनमध्ये ग्रीनवेला, खुद्द ख्रिस्तीबाईंच्या घरी. म्हणजे सुशेचा प्वारोच्या वेशातला शेवटचा दिवस टुणटुणीत, मिशा पिळलेल्या प्वारोचाच होता.

तेव्हा सासूबाईंची कधी इच्छा झालीच तर संध्याकाळी उजेड असतानाच 'कर्टन' लावा, शेजारी कोणीतरी बसा, आणि संपल्या संपल्या लगेच 'डेड मॅन्स फॉली' सुरू करा. आमच्या घरी मी तिसऱ्या वेळी तसंच केलं. झोप नाही लागली ती नाहीच, पण मधे उठून सगळ्यांसाठी चहा टाकला, त्यात साखर जरा जास्तच पडली.