बागेतल्या मॉडेल रेल्वेला वीज रुळातून द्यावी की बॅटरीतून?

तुमचा प्रश्न असा, की क्लबला बागेत जुन्या लाकूडतोडीच्या रेल्वेचं मॉडेल उभं करायचंय, ४५ मिमीच्या रुळांवर. वीज कुठून द्यावी आणि चढ किती ठेवावा?

बॅटरी. खरं तर विषय इथेच संपला, पण यावरून आमच्या क्लबात इतकी भांडणं झाली आहेत की लिहिल्यावाचून राहवत नाही.

मी कॅलिफोर्नियात, सांताक्रूझच्या डोंगरांजवळ राहतो. आमचा लेआउट इथल्या उंच रेडवुड झाडांच्या तोडीवर आणि ट्वालमीच्या वेस्ट साइड लंबर कंपनीच्या तीन फूट रुंदीच्या लाइनीवर बेतलेला. प्रमाण १:२०.३, म्हणजे तीन फूट ४५ मिमीत चोख बसतात. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांचं ठाम मत, रुळात वीज नसेल तर ती रेल्वे नव्हे, खेळणं. अहो, लाकूडतोडीच्या लाइनींवरच्या शे या गिअरवाल्या वाफेच्या इंजिनाच्या रुळात कधी वीज होती? ते आपलं जळण स्वतःच वाहून न्यायचं. पण मतदानात ते जिंकले.

मग आला ओपन डे. आदल्या रात्री पाऊस. सकाळी बघतो तर पितळी रुळांवर रेडवुडच्या ओल्या काड्यांचा सडा, आणि ट्रेसलवर, म्हणजे लाकडी खांबांच्या पुलावर, दोन पिवळ्याजर्द गोगलगाई निवांत रूळ ओलांडतायत. त्यांचा चिकट माग चाकाखाली आला की वीजही तुटते आणि चाकही घसरतं. साहेबांची ओंडक्यांची गाडी ट्रेसलच्या ऐन मध्यावर बसली. कुंपणाबाहेर पोरं ताटकळलेली, आणि हे गुडघे टेकून काथ्याने रूळ घासतायत! मी माझं बॅटरीवरचं शे मागून आणलं, कपलिंग लावलं आणि सगळी गाडी ढकलत वर नेली. शेचे सिलिंडर उजव्या अंगाला उभे असतात, तोल साधायला बॉयलर डावीकडे सरकवलेला, आणि उजवीकडचा लांब दांडा गिअरवाटे प्रत्येक आसाला फिरवतो. ते धावायला नाही, चढायला बनवलंय. साहेब एवढंच म्हणाले, "तुझ्या इंजिनाचा आवाज फार मोठा आहे."

पुढच्या मीटिंगला पुन्हा रुळांच्या सफाईच्या पाळ्या लागल्या. असो.

चढाचं म्हणाल तर इथल्या फेल्टनला रोअरिंग कॅम्पची वाफेची रेल्वे बघून या. तिथला गोल फिरून चढणारा ट्रेसल १९७६ मध्ये जळाला, तेव्हा त्याच्या जागी बोरघाटातल्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनसारखी पुढे-मागे करत चढणारी लाइन टाकली. चढ जवळपास १० टक्के. माथेरानचा १ इन २०, म्हणजे ५. पण म्हणून तुम्ही १० ठेवू नका. क्लबात सगळ्यांकडे शे नसतं. ४ टक्क्यांवर थांबा, आणि चढ आणि तीव्र वळण एका जागी आणू नका.

रूळ ट्रेसलला घट्ट स्क्रूने आवळू नका. २० मीटर पितळी रूळ तापमानात ३० अंशांचा फरक पडला की ११ मिमीच्या आसपास वाढतो. त्याला खेळायला जागा हवी. तशी जागा ठेवली की सांधे सैल राहतात आणि सैल सांध्यातून वीज धड जात नाही. आमच्या साहेबांना हे कुणीतरी समजावा.

बॅटरीला दोष नाहीत असं नाही. लिथियमची असेल तर बंद बॉयलरात चार्ज करू नका, आणि उन्हात उभ्या मोटारीत विसरू नका. एकच गाडी दिवसभर गोल फिरवत ठेवायची असेल, बाग उघडी, झाडं लांब आणि रूळ स्टेनलेसचे असतील, तर रुळातली वीज चालेलही. मतदान घेणारच असाल तर पावसानंतरच्या सकाळी घ्या, बागेत उभं राहून.