नाशिकमध्ये १/१४ ची आरसी बग्गी ब्रशलेस करून रेसमध्ये उतरवायची आहे, सुरुवात कुठून करू?

मोटर सगळ्यात शेवटी.

तुम्ही लिहिलंय की खऱ्याच्या एक-चौदांश मापाची ही रिमोटवरची गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे, आत ५५० मापाची ब्रश्ड मोटर (कार्बन ब्रशवर चालणारी) आणि २एस लायपो (दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी) आहे, आणि दहा हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. मित्र म्हणतायत आधी ब्रशलेस, म्हणजे ब्रश नसलेली जास्त ताकदीची मोटर टाक. नुसतं मोकळ्या मैदानावर पळवायची असेल तर मित्रांचं ऐका, मजा येईल. पण रेस म्हणत असाल तर आधी थोडा हिशोब करू.

इलेक्ट्रिक ऑफ-रोड बग्गीची रेस साधारण पाच मिनिटांची असते. ट्रॅकचा एक फेरा वीस सेकंदांचा धरला तर पंधरा फेरे होतात. नव्या मोटरने फेऱ्यामागे अर्धा सेकंद वाचवला, तर पूर्ण रेसमध्ये साडेसात सेकंद हाती लागले. आता गाडी एकदा उलटली, मार्शल धावत आला, त्याने ती सरळ केली आणि तुम्ही पुन्हा वेग घेतला, एवढ्यात ते साडेसात सेकंद गेले, वर आणखी दोन-तीन गेले. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. तिशीच्या वेगाने दगडावर आपटून पुन्हा पळणारी गाडी साठीच्या वेगाला आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा हात) मोडून घरी येते.

पैशांचंही बघा. या मापाच्या बऱ्याच तयार गाड्यांत रिमोटचे सिग्नल घेणारा रिसीव्हर आणि मोटरचा वेग सांभाळणारी ईएससी एकाच डबीत असतात. ब्रशलेस मोटरला स्वतःची वेगळी ईएससी लागते. ती आली की जुनी डबी निघते, डबीबरोबर रिसीव्हर जातो, आणि रिसीव्हर गेला की गाडीसोबत आलेला रिमोटही निकामी. म्हणजे बिल एका मोटरचं नसून चार वस्तूंचं असतं. सुटे भाग बाहेरून मागवायचे म्हटलं तर खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालंय. तेव्हा आर्म, ड्राइव्ह कप (चाकाकडे जाणारा दांडा बसतो ती वाटी), डिफरन्शियलचे गिअर हे नेहमी मोडणारे भाग भारतातल्या एखाद्या दुकानदाराकडे मिळतात का, ते बघून मगच ताकद वाढवा.

पहिला खर्च बेअरिंगवर. चाक काढून अ‍ॅक्सल बोटांनी फिरवा. आत प्लॅस्टिकचे किंवा पितळी बुश असतील तर काढून टाका. बेअरिंग असतील पण खरखरत असतील तर तीही बदला. व्हर्निअरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. ७×११×३ मिमी अशा धर्तीची मापं निघतील. सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या बेअरिंगवाल्याला गाडीचं मॉडेल सांगून उपयोग नाही, माप सांगा, आणि पत्र्याच्या शील्डऐवजी रबर सीलचं मागा. आपल्याकडचा फुफाटा पत्र्याच्या फटीतून आत जातोच. मग सर्व्हो, म्हणजे पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर: मेटल गिअरचा घ्या, आणि सर्व्हो सेव्हर (धक्क्यापासून त्याचे गिअर वाचवणारी स्प्रिंगची जोडणी) ढिला पडलेला नाही ना ते बघा. रिमोटचं चाक सरळ असताना गाडी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे ओढत असेल, तर कितीही भारी मोटर लावा, वळणाची रेष पकडता येणार नाही.

खरा वेळ घालवायचा तो शॉक्सवर. तयार गाडीच्या शॉकमध्ये कंपनीतून तेल कमी-जास्त भरलेलं असतं आणि हवेचे बुडबुडे असतात. चारही उघडा, पुसा, नवीन सिलिकॉन तेल भरा, पिस्टन हळूहळू वरखाली करून बुडबुडे बाहेर येऊ द्या, मग झाकण लावा. मोटरसायकलच्या फोर्कचं तेल घालू नका. खनिज तेलाने सिलिकॉनच्या ओ-रिंग फुगतात आणि शॉक अडकायला लागतो. किती वजनाचं, म्हणजे किती जाड तेल? ३० ते ४० वेटपासून सुरू करा. नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी तेल घट्ट होतं, तेव्हा पातळाकडे जा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की जाडाकडे. तपासायची सोपी रीत अशी: बॅटरी बसवलेली गाडी वीतभर उंचीवरून सपाट फरशीवर सोडा. ती एकदा खाली बसून आपल्या उंचीला येऊन थांबली पाहिजे. चेंडूसारखी उडाली तर तेल पातळ आहे किंवा स्प्रिंग कडक आहे. पोट आपटून तशीच बसून राहिली तर स्प्रिंग मऊ. डावा-उजवा शॉक सारखा असणं हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे, नाहीतर उडी घेतल्यावर गाडी हवेतच कलते.

टायरबद्दल परदेशी व्हिडिओ बघून खरेदी करू नका, आपली जमीन बघून करा. नाशिकमध्ये तुम्हाला दोन प्रकार भेटतील. मुरूम टाकून दाबलेलं मैदान वरून कडक असतं आणि त्यावर धुळीचा पातळ थर असतो. तिथे बारीक, दाट टोकांचे टायर चालतात. मोकळ्या, भुसभुशीत मातीत उंच काट्यांचे. काळ्या मातीत मात्र जाऊच नका. पावसाळ्यात ती चाकाला इतकी चिकटते की गाडीचं वजन वाढून मोटर तापते, आणि उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत पुढचं चाक अडकून आर्म जातो. कोणताही टायर घ्या, पण तो रिमला सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाने, म्हणजे आपल्या फेविक्विकच्या जातीच्या गोंदाने, चिकटवलेला असू द्या, आणि आत फोम हवा. न चिकटवलेला टायर जोराच्या वळणावर रिमवरून उतरतो.

संक्रांतीच्या सुमारास आणखी एक गोष्ट. मैदानात मांजाचे तुकडे पडलेले असतात. बंदी असलेला नायलॉनचा मांजा तर हमखास. तो अ‍ॅक्सलभोवती गुंडाळला जातो, बेअरिंगच्या सीलमध्ये घुसतो, आणि चाक गरम झालेलं दिसेपर्यंत कळतही नाही. जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्येक बॅटरीनंतर चारही चाकांच्या मागे बघा. कात्री घेऊन जा.

नाशिकला आणखी एक मोह असतो: घरातलं किंवा ओळखीचं कुणीतरी एमआयडीसीत असतंच, आणि ते म्हणतं, "आणून दे आर्म, अ‍ॅल्युमिनियममध्ये काढून देतो." नम्रपणे नाही म्हणा. प्लॅस्टिकचा आर्म धक्का खाऊन वाकतो आणि परत सरळ होतो. फारच झालं तर मोडतो, आणि स्वस्तात बदलता येतो. अ‍ॅल्युमिनियमचा वाकला की वाकलेलाच राहतो, आणि वाकला नाही तर धक्का पुढे ढकलून बल्कहेड (आर्म बसतो तो सांगाडा) किंवा शॉक टॉवर (शॉक वर अडकवतात ती पट्टी) फोडतो. त्या ओळखीचा उपयोग मोटर माउंटसाठी करून घ्या. तिथे अ‍ॅल्युमिनियमने उष्णता बाहेर पडते आणि गिअर जागेवरून हलत नाहीत. धातूत जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) लावा, प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्याला नको.

एवढं झालं की जुन्याच मोटरवर चालवायला शिका. गाडी तुमच्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं. हात तिथेच फसतो. दोन बाटल्या आठ-दहा पावलांवर ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहा, बॅटरी संपेपर्यंत. डोकं न चालवता हात बरोबर वळायला लागले की ट्रॅकवर जा. जपानच्या मासामी हिरोसाकाने आरसी रेसिंगची चौदा जागतिक विजेतेपदं मिळवली. त्याचं ड्रायव्हिंग बघितलं तर गाडी संथ वाटते, कारण ती कुठेही घसरत नाही. रिमोटवर थ्रॉटल मर्यादित करायची सोय असेल तर सुरुवातीला साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवा.

ट्रॅक तयार मिळेल या आशेवर बसू नका, बनवा. सीमेसाठी १६ मिमीची जुनी ठिबकची नळी सगळ्यात उत्तम. द्राक्षबागेतून दर काही वर्षांनी ती निघते आणि दिंडोरी-निफाडकडे कुणीही भंगाराच्या भावात देईल. यू आकारात वाकवलेल्या तारेने जमिनीत ठोका. तुमच्या मापाच्या गाडीला दोन-अडीच मीटर रुंदी पुरे. आदल्या संध्याकाळी पाणी मारलं की सकाळी धूळ बसलेली असते आणि पकड मिळते. चालवणाऱ्यांना उंचावर उभं राहता आलं पाहिजे, छोटा हत्ती टेम्पोचा हौदा चालतो. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी फिरणाऱ्यांच्या पायांत गाडी सोडू नका. तपोवनात साधुग्रामची जागा मोकळी दिसली तरी २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत तिच्यावर भरवसा ठेवू नका. एखाद्या ओळखीच्याचा बिनशेती प्लॉट, मालकाची परवानगी काढून, हे सगळ्यात बरं. चार गाड्या जमल्या की रेस होते. नियम एकच कडक ठेवा: ज्याची रेस संपली तो पुढच्या रेसला मार्शल. हीच पद्धत सगळीकडे आहे, आणि ती मोडली की दुपारपर्यंत भांडण ठरलेलं.

बॅटरीबाबत हयगय नको. १५०० एमएएचची लायपो दीड अ‍ॅम्पिअरने, बॅलन्स चार्जरवर, समोर बसून चार्ज करा. सेल ४.२ व्होल्टच्या वर आणि ३ च्या खाली कधी जाऊ देऊ नका. आठवडाभर वापरणार नसाल तर ३.८ वर ठेवा. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. फुगलेली असेल तर तिचा संसार संपला असं समजा. थंडीत मात्र रेसआधी ती खिशात ठेवा. गार लायपो दाब पडला की लगेच मान टाकते.

आणि मग मोटर. केव्ही म्हणजे बिनभाराची मोटर एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे मारते तो आकडा. ३३०० केव्हीची मोटर पूर्ण चार्ज २एसवर, म्हणजे ८.४ व्होल्टला, मिनिटाला सुमारे २७,७०० फेऱ्यांपर्यंत जाते. ३एसवर तीच ४१,५०० च्या पुढे. तुमच्या गाडीला २एस भरपूर आहे, ३एसच्या नादी लागू नका. बजेट असेल तर सेन्सर्ड, म्हणजे फिरत्या भागाची जागा ईएससीला कळवणारी मोटर घ्या. वळणातून हळूच बाहेर पडताना तिचा झटका बसत नाही, आणि रेसमध्ये तेच लागतं. नवीन पिनियनचं (मोटरवरच्या छोट्या गिअरचं) मॉड्यूल, म्हणजे दातांचं माप, स्पर गिअरशी (तो फिरवतो त्या मोठ्या गिअरशी) जुळलंच पाहिजे. दोघांच्या दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर आवळा, पट्टी काढली की फट बरोबर बसते. ईएससीमध्ये लायपो कटऑफ (बॅटरी फार उतरण्याआधी मोटर थांबवणारी सोय) चालू केला आहे ना बघा. पहिल्या दोन-तीन मिनिटांनंतर थांबून मोटरचं तापमान घ्या. ८० अंशांच्या आत हवं. कोविडच्या काळातली कपाळावर धरायची बंदूक बहुतेक इथे चालत नाही, ती तापापुरतीच असते. जास्त तापत असेल तर एक-दोन दात कमी असलेला पिनियन लावा. उन्हाळ्यात तसंही एक दात कमीच ठेवा.

सध्याच्या पिनियनला आणि स्परला किती दात आहेत ते मोजून कळवा, आणि चाकाचा बाहेरचा व्यासही. त्यावरून २एसला कोणता केव्ही आणि कोणता पिनियन घ्यायचा ते नेमकं सांगता येईल.