संकटकाळात गावाला सामुदायिक जंगलाचा खरंच आधार होतो का?

होतो, पण जंगल जवळ असणं पुरेसं नाही, त्यातल्या मालावर गावाचा हक्क हवा.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही काही जण इंदूरच्या बायपासवर पोळी-भाजी वाटत होतो. आग्रा-मुंबई रस्त्याने माणसं चालत येत होती. अलीराजपूरकडचा एक जण म्हणाला, "महुआ गिर रहा होगा, घर पहुँच जाएँ बस." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोहाची फुलं नेमकी मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. टोपली घेऊन वेचायची, अंगणात वाळवायची. ना भांडवल, ना मुकादम. पाठोपाठ मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, मग मोहाच्या बिया, म्हणजे घरचं तेल. त्याच मे महिन्यात केंद्राने वाळल्या मोहफुलांचा हमीभाव किलोला १७ वरून ३० रुपये केला. अर्थात हमीभाव कागदावर असतो. हाताशी पैसा नसला की माणूस वाळलेली फुलं दाराशी आलेल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात देऊन टाकतो.

म्हणून २००६ चा वनहक्क कायदा महत्त्वाचा. त्याने जंगलात राहणाऱ्या लोकांना गौण वनोपजाची, म्हणजे बांबू, मोहफुलं, तेंदूपत्ता अशा लाकडाखेरीजच्या मालाची मालकी आणि जंगल राखण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू स्वतः विकायला २०११ उजाडलं, कारण वाहतुकीचे परवाने अडले होते!

बाकी, नुसती झाडं लावून फोटो काढण्याला मी सामुदायिक वनीकरण म्हणत नाही.