तुमचे प्रश्न : पोलर अलाइनमेंटला पाऊण तास जातो, नवा माउंट घेऊ का?

प्रश्न : मी साताऱ्याला राहतो, घराच्या गच्चीवरून फोटो काढतो. १३० मिलिमीटरचा, ६५० फोकल लेंथचा न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे, त्याला २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर लावतो. माउंट, म्हणजे दुर्बिणीचा स्टँड, मध्यम ताकदीचा मोटरवाला ईक्यू (ताऱ्यांबरोबर फिरणारा) आहे, गाइडिंग (दुसऱ्या कॅमेऱ्याने ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सावरणं) अजून घेतलेलं नाही. दर वेळी पोलर अलाइनमेंटलाच, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखायलाच, पाऊण तास जातो. गुडघ्यावर बसून पोलरस्कोपमध्ये (माउंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीत) बघायचं, अल्टिट्यूडचा (अक्ष वरखाली करणारा) बोल्ट जरा फिरवला की ध्रुवतारा एकदम उडी मारतो, आणि सगळं जुळवून घट्ट करायला गेलं की परत सरकतो. मागच्या महिन्यात बघितलं तर बोल्ट चक्क वाकलाय. एवढं करूनही एक मिनिटाच्या फोटोत तारे लांबटच येतात. मित्र म्हणतात हा विकून टाक आणि हार्मोनिक ड्राइव्हवाला (काउंटरवेटशिवाय चालणाऱ्या वेगळ्या गिअरचा) घे. पैसे साठवलेत, पण तेवढेच आहेत. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पैसे आत्ता ठेवा. तुमचा त्रास खरा आहे, पण त्यातला बराचसा माउंटच्या दर्जाचा नसून आपल्या अक्षांशाचा आहे, आणि तो काही हजारांत बराच कमी होतो.

ध्रुव क्षितिजापासून किती वर दिसणार, तर जेवढा आपला अक्षांश तेवढाच. साताऱ्याला साधारण १७.७ अंश, पुण्याला १८.५, नागपूरला २१. म्हणजे माउंटचा मुख्य अक्ष जवळजवळ आडवाच झोपवावा लागतो. तो असा झोपला की ट्यूब, कॅमेरा, वजनं सगळा भार उत्तरेकडे पुढे झुकतो आणि तो पेलायला एक अल्टिट्यूडचा बोल्ट उरतो. त्याच भाराखाली आपण तो बोल्ट पान्याने जोर लावून फिरवत राहतो, मग वाकणारच. माझ्या पहिल्या माउंटचाही असाच वाकला होता आणि मी वर्षभर हवेला, गच्चीला, पोलरस्कोपला दोष देत बसलो होतो, तेव्हा तुमचं पत्र वाचून ते दिवस आठवले.

आता उडीचं गणित बघा. बोल्टचे आटे दीड मिलिमीटर पिचचे आणि तो जिथे टेकतो ते अंतर अक्षापासून ६५ मिलिमीटर धरलं, तर एका फेऱ्यात माउंट सव्वा अंशापेक्षा जास्त हलतो. तुम्हाला ५ आर्कमिनिट (एका अंशाचे ६० आर्कमिनिट) हलवायचंय म्हणजे फेऱ्याचा सोळावा भाग, आणि तेही वाकलेल्या, रंग लागलेल्या, कोरड्या बोल्टने. हाताला जमणारच नाही. म्हणून पहिला खर्च इथे करा. जुना बोल्ट काढून लेथवाल्याकडे घेऊन जा, त्याच आट्यांचा स्टेनलेसचा करून घ्या, टेकणारं टोक गोल आणि गुळगुळीत करायला सांगा, आणि डोक्याला मोठी गोल मूठ बसवून घ्या, कारण मूठ जेवढी मोठी तेवढं बारीक फिरवणं सोपं. ग्रीस लावून बसवा. आणि एक सवय लावून घ्या, शेवटची हालचाल नेहमी खालून वर. तारा पुढे गेला तर माउंट मुद्दाम थोडा जास्त खाली आणायचा आणि परत वर चढवत जागेवर आणायचा, म्हणजे भार बोल्टवर बसलेला राहतो आणि नंतर घसरत नाही.

घट्ट करताना सरकतं त्याचं कारण बहुतेक मधला बोल्ट, जो माउंटला ट्रायपॉडवर धरून ठेवतो तो. लोक तो पूर्ण सैल करतात, आडवं जुळवतात, मग करकचून आवळतात, आणि आवळताना सगळं फिरतं. तो आधीच बऱ्यापैकी घट्ट ठेवायचा, फक्त बाजूच्या दोन स्क्रूंनी ढकललं की हलेल इतपत. त्यासाठी माउंट आणि ट्रायपॉड जिथे एकमेकांवर बसतात ते पृष्ठभाग पुसून, खडबडीत रंग निघत असेल तर घासून, ग्रीसचा पातळ हात द्या किंवा मध्ये टेफ्लॉनची पातळ चकती घाला. एवढ्याने केवढा फरक पडतो ते करून बघितल्याशिवाय पटणार नाही.

काउंटरवेटचा (ट्यूबचा तोल सांभाळणाऱ्या वजनांचा) दांडा ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायावर आपटत असेल तर तोही याच अक्षांशाचा प्रताप. ज्या खुंटीला बाजूचे स्क्रू ढकलतात ती दुसऱ्या बाजूला बसवायला भोक आहे का बघा, असेल तर ट्रायपॉड फिरवून उत्तरेकडे दोन पाय करा, दांडा मधून जातो. नसेल तर माउंटखाली छोटा खांब मिळतो, त्याने उंचीही वाढते आणि तुमचे गुडघेही सुटतात. पोलरस्कोपला काटकोनी आयपीसही मिळतो, तो लावला की वरून वाकून बघता येतं.

पोलरस्कोप स्वतः सरळ आहे का हे कुणी तपासत नाही. दिवसा करा. माउंट खाली झोपवून अजिंक्यतारा किल्ल्यावरचं एखादं टोक क्रॉसवर धरा, आरए अक्ष (तोच मुख्य अक्ष) अर्धा फेरा फिरवा, टोक क्रॉसवरून हललं तर जेवढं हललं त्याच्या निम्मं त्या तीन बारीक स्क्रूंनी दुरुस्त करा, आणि दोनतीनदा परत करा. ध्रुवतारा म्हणजे ध्रुव नव्हे हे तुम्हाला माहीतच असेल, पण किती लांब ते लक्षात ठेवा : सध्या साधारण ३८ आर्कमिनिट, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षाही थोडं जास्त. खरा ध्रुव ध्रुवताऱ्यापासून कोचाबच्या दिशेला असतो, म्हणजे ध्रुवमत्स्याच्या दुसऱ्या टोकाच्या ठळक ताऱ्याकडे. ॲपमध्ये ध्रुवताऱ्याची जागा दिसते, पण कोचाब बघून एकदा पडताळून घ्यायची सवय चांगली, पोलरस्कोपमध्ये चित्र उलटं दिसतं त्याचा गोंधळ त्यामुळे होत नाही.

आता मुख्य गोष्ट, अचूकता किती हवी. अक्ष १ आर्कमिनिट चुकला तर तारा जास्तीत जास्त मिनिटाला पाव आर्कसेकंदाच्या (आर्कसेकंद म्हणजे आर्कमिनिटाचा साठावा भाग) आसपास सरकतो. तुमच्या कॅमेऱ्यात ६५० फोकल लेंथला एक पिक्सेल साधारण १.२ आर्कसेकंदाचा पडतो. म्हणजे ५ आर्कमिनिट चुकलात तरी एका मिनिटाच्या फोटोत जेमतेम एक पिक्सेल! उलट नुसता ध्रुवतारा मधोमध धरून उठलात तर ३८ आर्कमिनिटची चूक, मिनिटाला दहा आर्कसेकंद, आठ पिक्सेलची रेघ. तेव्हा ५ च्या आत आलात की थांबा, पुढची पंचवीस मिनिटं फोटो काढा.

मग तारे लांबट का? मला वाटतं तुमचा निम्मा दोष पोलर अलाइनमेंटचा नाहीच. तपासायची युक्ती सोपी आहे. मोटर बंद करून २० सेकंदांचा फोटो घ्या, ताऱ्यांच्या रेघा पडतील, ती पूर्व-पश्चिम दिशा. मग मोटर चालू करून नेहमीचा फोटो घ्या. तारे त्याच दिशेला लांबले असतील तर गिअरचा दोष, ज्याला पिरियॉडिक एरर म्हणतात, या वर्गाच्या माउंटमध्ये साधारण दहा मिनिटांच्या चक्रात तारा मागेपुढे डोलतो, आणि त्याला पोलर अलाइनमेंट कितीही केलं तरी औषध नाही, गाइडिंगच लागतं. त्याला काटकोनात लांबले असतील तर मात्र अक्ष चुकलाय. कॅमेरा दोन्ही फोटोंत अजिबात फिरवायचा नाही, नाहीतर तुलनाच संपली.

म्हणून साठवलेल्या पैशांतला थोडा भाग गाइड कॅमेरा आणि छोट्या गाइडस्कोपवर घाला. त्यातून एका दगडात दोन पक्षी, कारण तोच कॅमेरा पोलर अलाइनमेंटही करून देतो. ध्रुवाजवळचा फोटो, आरए अक्ष फिरवून दुसरा फोटो, आणि शार्पकॅपसारखं सॉफ्टवेअर त्यातले तारे ओळखून तुमचा अक्ष कुठे आहे आणि कुठे हवा ते स्क्रीनवर दाखवतं. तुम्ही खुर्चीत बसून बोल्ट फिरवता आणि खूण जवळ येताना बघता. नवे बोल्ट असतील तर दहा मिनिटांचं काम. पोलमास्टर, आयपोलर असे खास त्यासाठीचे कॅमेरेही आहेत, पण ते फक्त तेवढंच काम करतात, मी तुमच्या जागी असतो तर घेतले नसते. ध्रुव इतका खाली असल्यामुळे आपल्याकडे हवा त्याला जवळजवळ ३ आर्कमिनिट वर उचलून दाखवते, सॉफ्टवेअरमध्ये वक्रीभवनाचा पर्याय असेल तर चालू ठेवा, नसेल तर त्यापायी झोप घालवू नका.

गच्चीवर ट्रायपॉडच्या तीन पायांच्या जागा ऑइलपेंटने रंगवून ठेवा. ड्रिल मारू नका, वॉटरप्रूफिंग फुटतं आणि पावसाळ्यात खालच्या खोलीत कळतं. खुणा कायमच्या झाल्या की पुढच्या वेळी माउंट ठेवल्याठेवल्याच एखाद्या अंशाच्या आत असेल.

हार्मोनिक ड्राइव्हबद्दल एवढंच सांगतो. झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएम५ हा तसला माउंट साडेपाच किलोचा आहे आणि १३ किलोपर्यंत काउंटरवेटशिवाय पेलतो, रोज तीन जिने चढणाऱ्याला ते वरदान आहे. पण त्या जातीच्या ड्राइव्हमध्ये गाइडिंगशिवाय लांब एक्स्पोजर घेणं अवघड, म्हणजे गाइड कॅमेरा तिथेही घ्यावाच लागतो. आणि पोलर अलाइनमेंट त्यालाही करावीच लागते. गाइड कॅमेरा आधी घेतलात तर तो पुढे नव्या माउंटवरही चालेल. ट्यूब आणि कॅमेरा मिळून तुमचा भार चार-पाच किलोचा आहे, त्याला सध्याचा माउंट पुरतो. पुढे मोठी ट्यूब घेतलीत तर तेव्हा बोलू.

प्रश्न : नागपूरला फ्लॅटमध्ये राहते, बाल्कनी दक्षिणेला. ध्रुवतारा दिसतच नाही. पोलर अलाइनमेंट विसरायची का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : अजिबात नाही. आडवी दिशा आधी सूर्याकडून घ्या. सूर्य मध्यान्हीला असताना ओळंब्याच्या दोरीची सावली बरोब्बर उत्तर-दक्षिण पडते, ती बाल्कनीच्या फरशीवर खडूने आखून ठेवा. घड्याळातले बारा मात्र धरायचे नाहीत, आपली वेळ ८२.५ रेखांशाची आहे आणि नागपूर ७९ च्या जवळ, तेव्हा सरासरी पाव तास उशिरा, शिवाय ऋतूप्रमाणे ते पुढेमागे होतं, त्या दिवसाची मध्यान्हीची वेळ ॲपमध्ये बघून घ्या. थंडीत करा. मे महिन्याच्या शेवटी शून्य सावलीच्या आसपास ही युक्ती चालत नाही, सावलीच पडत नाही. होकायंत्रही चालेल, आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहून कमी फरक आहे, पण लोखंडी रेलिंग आणि ट्रायपॉडपासून लांब धरा.

त्यानंतर नीना या सॉफ्टवेअरमध्ये तीन बिंदूंची पोलर अलाइनमेंट म्हणून एक प्लगइन आहे, त्याला ध्रुव दिसायची गरज नाही, आकाशाच्या कुठल्याही तुकड्यात तीन फोटो घेऊन ते हिशोब मांडतं. लॅपटॉप नको असेल तर जुनी ड्रिफ्टची रीत, म्हणजे तारा कुठे सरकतो ते बघून अक्ष सुधारायचा. दक्षिणेला मध्यमंडलाजवळचा (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा), आकाशातल्या विषुववृत्तापाशी असलेला तारा घ्या, मृगाच्या पट्ट्यातले तीन छान आहेत. तारा दक्षिणेकडे सरकत असेल तर अक्ष पूर्वेला जास्त गेलाय, उत्तरेकडे सरकत असेल तर पश्चिमेला. मग पूर्वेला खाली असलेला तारा घ्या : दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे तर वर. बाल्कनीतून पूर्व थोडी तरी दिसत असेल तर पुरे. वेळ लागतो हे खरं, पण यात कुठल्याच उपकरणावर विश्वास ठेवावा लागत नाही, म्हणून मला ही रीत अजून आवडते.

प्रश्न : पुण्याहून मेलबर्नला राहायला आलो, माउंट सोबत आणलाय. इथे काय बदलायचं?
– एक वाचक, मेलबर्न

उत्तर : अक्ष आता दक्षिणेला, साधारण ३८ अंशांवर. हँड कंट्रोलरमध्ये दक्षिण गोलार्ध निवडा, नाहीतर मोटर उलटी फिरेल आणि तारे दुप्पट वेगाने पळतील. तिकडे ध्रुवताऱ्यासारखा ठळक तारा नाही, सिग्मा ऑक्टँटिस आहे पण तो ५.४ प्रतीचा, म्हणजे अंधुक, ध्रुवापासून एका अंशाहून थोडा लांब, शहरातून नुसत्या डोळ्यांनी दिसणं कठीण, तेव्हा सरळ कॅमेऱ्याची रीतच धरा, ती दक्षिण ध्रुवाजवळही तशीच चालते. बाकी तुमची चैन आहे, दांडा पायावर आपटणार नाही आणि वक्रीभवनही सव्वा आर्कमिनिटच. फक्त १८.५ वरून ३८ वर नेताना आधी ट्यूब उतरवा, मग वजनं, आणि रिकाम्या माउंटवरच बोल्ट फिरवा, भार असताना फिरवला की तुमचाही साताऱ्याच्या वाचकांसारखा वाकेल.